तुर्भे इफेक्ट

गाडी चालवताना माणूस काय काय करतो, हे मला त्याच्याकडे न बघता कळतं! फुशारकी वाटेल, पण सत्त्याण्णव साली हे वाक्य मी आमच्या सोसायटीत इतक्या वेळा म्हटलं की शेवटी शेवटी मी लिफ्टमध्ये शिरलो की लोक जिन्याने जायला लागले.

पण मी तरी काय करणार? गाडीच तशी होती! तुर्भ्याच्या आमच्या रस्ता-वाहन अभ्यास केंद्रात ती आली त्या दिवशी मी तिला चक्क प्रदक्षिणा घातली. दिसायला साधी पांढरी अँबॅसिडर. पण अंगात ठिकठिकाणी सेन्सर! ब्रेक किती जोरात दाबला, अ‍ॅक्सिलरेटर किती, स्टिअरिंग कुठे किती वळवलं, सगळं तिला कळायचं. पुढच्या काचेशी रस्त्याकडे तोंड केलेला कॅमेरा. मागच्या सीटवर एक पेटी, पेटीत सरकता कागद आणि त्यावर चार पेनं. गाडी हलली की पेनं नाचायला लागायची. डॉक्टर छातीला वायरी लावून आलेख काढतात ना, तस्साच! आपली माणसं आपल्या रस्त्यांवर खरोखर गाडी कशी चालवतात, ते ऑफिसात बसून न ठरवता रस्त्यावर जाऊन मोजायचं, असा तो प्रकल्प होता. मी तासन्‌तास त्या पेनांकडे नुसता बघत बसायचो. माणसाच्या हातापायांचं अक्षर उमटतंय समोर! मला तर अंगावर काटा यायचा.

आणि त्यातलं चौथं पेन माझं होतं! म्हणजे स्टिअरिंगच्या चाकावर मी स्वतः शोधून काढलेली एक पट्टी बसवली होती, हाताची पकड मोजणारी. घट्ट धरलं की पेन वर, सैल धरलं की खाली, आणि दोन्ही हात सोडले की थेट तळाला.

आमचे प्रमुख खुर्शीद मुकादम. मूळचे उरणकडचे. माणूस इतका शिस्तीचा की खिशातली पेनंसुद्धा उंचीप्रमाणे लावायचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"अभिराम, पुण्याहून समिती येणार आहे. तुमची पट्टी चालली तर गाडी इथे राहील. नाही चालली तर गाडी पुण्याला परत, आणि तुम्ही परत तळघरात!"

तळघरात म्हणजे थर्मामीटर तपासायला. सकाळी बर्फात बुडवायचे, दुपारी गरम पाण्यात. उमेदीची वर्षं मी त्या बर्फात घातली होती. पुन्हा तिथे जाण्यापेक्षा मी स्वतः त्या गरम पाण्यात उडी घेतली असती!

"सर, पट्टी चालणार म्हणजे चालणार!" मी म्हणालो.

आता प्रश्न चालकाचा. आमच्या केंद्रातले लोक अगदीच बिनकामाचे ठरले. गाडीत सेन्सर आहेत म्हटल्यावर ते लायसनच्या परीक्षेला बसल्यासारखे चालवायचे. चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरही हात बाहेर काढून इशारा! मला हवा होता मोकळेपणाने गाडी हाकणारा माणूस.

"मग हौसेमामांना विचारा ना," मीना म्हणाली. मीना माझी बायको आणि हौसेराव तिचे मामा. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झाले आणि कऱ्हाडकडून थेट खांदेश्वरला फ्लॅट घेऊन राहिले. उभा जन्म कालव्याच्या कडेकडेने जीप हाकलेली. मिशा अशा की दाराआडून आधी मिशा यायच्या, मग मामा.

"जावईबापू, ही तर गाडी हाय. तुमची पट्टी बैलगाडीला लावा, ती बी चालवून दावतो!" मामा म्हणाले.

"मामा, फक्त रोजच्यासारखी चालवा. पेटी आहे हे विसरून जा."

"इसरलो!" मामा म्हणाले, आणि खरोखरच विसरले.

पहिली फेरी खांदेश्वर ते तळवली. मी मागे, पेटीशेजारी. मामांचं चालवणं म्हणजे काय सांगू! बेलापूरच्या पुढे दोन ट्रकांच्या मधून त्यांनी गाडी अशी काढली की मी श्वास आत घेतला तो बाहेर सोडायचं विसरलो. वर मागे वळून मला विचारतायत, "मीना गवारीची भाजी शिकली का न्हाई अजून?" तिसरं पेन, म्हणजे स्टिअरिंगचं, झरझर वळणं काढत होतं आणि माझं चौथं पेन डौलात वरखाली होत होतं. मी भारावून गेलो होतो. माणूस आहे की चमत्कार!

केंद्रात येऊन कागद उलगडला आणि बघतो तर काय!

चौथं पेन तीन ठिकाणी थेट तळाला गेलं होतं! म्हणजे दोन्ही हात सोडलेले. बरं, गाडी तर भरधाव चालली होती. आणि त्याच क्षणी तिसरं पेन काय करत होतं? सरळ रेघ! एरवी मामांची रेघ जरा नागमोडी, पण नेमकी या तीन ठिकाणी फूटपट्टीने आखावी तशी!

हात सोडल्यावर अँबॅसिडर जास्त सरळ जाते? आपल्या रस्त्यावर? कोण विश्वास ठेवणार! म्हणजे पट्टीच बिघडली.

आता तुम्ही म्हणाल, अहो, तुम्ही गाडीतच होतात ना? होतो की! पण दर वेळी मी कागदाकडे बघितलं तेव्हा पेन तळाला जाऊन परत वर यायला लागलेलं असायचं. माझी पापणी जरा मिटली असेल-नसेल, तेवढ्यात रेघेत खड्डा पडून मोकळा!

मी पट्टी सोडवली. नवी तार घातली, नवं सोल्डर मारलं, पुन्हा बसवली. दुसरी फेरी काढली. पुन्हा तेच तीन खड्डे! तेही नेमके त्याच जागी. एक खांदेश्वरच्या तळ्यापाशी, एक तुर्भ्याच्या कारखान्यांच्या रांगेत आणि एक तळवलीच्या वळणावर.

"पट्टी बिघडली असती तर कुठेही बिघडली असती. त्याच त्या जागी कशी बिघडते?" मी घरी डोकं धरून बसलो.

"मग त्या जागांमध्येच काहीतरी असेल," मीना चहा गाळता गाळता म्हणाली.

मी ताडकन उठलो. जागांमध्येच! तळ्याची दमट हवा! तुर्भ्याला विजेवर चालणाऱ्या भट्ट्या! तळवलीला डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या जाडजूड तारा! मी चहा तसाच टाकून खांदेश्वरला मामांकडे गेलो.

"मामा, त्या तीन जागांवरून जाताना तुम्हाला काही जाणवतं का?"

"जानवतं की!" मामा गंभीर झाले. "अंगातनं शिरशिरी जाती बगा."

"शिरशिरी? कशाने?"

"शक्ती हाय जावईबापू तितं! लई मोटी शक्ती!"

"शक्ती!" मी ओरडलोच. साक्षात माणसाच्या अंगातून जाते, मग माझ्या बिचाऱ्या पट्टीची काय कथा!

"तुमास्नीबी कळली म्हना!" मामांचे डोळे पाणावले. "आजकालच्या शिकलेल्या पोरास्नी कुटं कळती?"

मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि धावत ऑफिस गाठलं.

खुर्शीद सर आधी हसले. मग मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले. खड्ड्यावर बरोबर खड्डा! सर खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले, बाहेरच्या भट्ट्यांच्या धुराकडे बघत उभे राहिले. 

"अभिराम, ही साधी गोष्ट नाही. भट्टीची वीज रस्त्यावरच्या गाडीत शिरते आणि माणसाच्याही अंगातून जाते! याला नाव द्यायला हवं."

मी मान खाली घालून विनयाने उभा राहिलो. 'अभिराम इफेक्ट' मला ऐकू यायला लागला होता.

"तुर्भे इफेक्ट!" सर म्हणाले, आणि त्याच दुपारी त्यांनी समितीला तसं कळवूनही टाकलं.

असो. मोठ्या कामात नावाला काय धरून बसायचं! आता समितीसमोर दाखवायचं होतं की ही शक्ती अडवली की खड्डे पडत नाहीत. सरांनी कारखान्याच्या मॅनेजरला गळ घालून फेरीपुरती भट्टी बंद ठेवायला लावली. तळं काही बंद करता येईना, म्हणून फेरी खांदेश्वरहून काढायचं रद्द करून केंद्रापासून तळवलीपर्यंतच ठरवली. राहिल्या विजेच्या तारा. त्यांच्यासाठी मी मीनाचा पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आणला आणि सोसायटीच्या आवारात गाडीच्या वायरी, पेटी, डॅशबोर्ड आणि उरला म्हणून बॉनेटही गुंडाळून काढलं.

सोसायटीच्या सेक्रेटरी मालतीबाई गॅलरीतून बघत होत्या.

"काय हो, लग्नाची गाडी का?"

"संशोधन आहे मालतीबाई! बाहेरची शक्ती आत येऊ नये म्हणून."

"अगं बाई!" त्या आत गेल्या आणि दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची घेऊन आल्या. "मग हेही बांधा. चंदेरी कागदाचा काय भरवसा?"

पुण्याहून समितीचे प्रमुख आले, डॉक्टर मानसिंग. उंच, कमी बोलणारे, जाड चष्म्याचे. चंदेरी बॉनेटकडे त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मागे माझ्याशेजारी बसले. पुढे मामांच्या बाजूला खुर्शीद सर. मामांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. निघालो.

सर पुढच्या सीटवर पाठमोरे वळून मानसिंगसाहेबांना समजावून सांगायला लागले. "आता आपण कारखान्यांच्या रांगेत शिरतोय. आज भट्टी बंद आहे, त्यामुळे पेन खाली जाणार नाही. नीट बघा. ही शक्ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यापुढे माणूस काय, यंत्र काय, सगळेच..."

एवढ्यात मानसिंगसाहेबांनी एकदम हात जोडले आणि डोळे मिटले. आपल्या बोलण्याचा एवढा परिणाम झालेला बघून सर गहिवरले. त्यांनीही घाईघाईने उलट हात जोडले. "नाही, नाही साहेब! श्रेय सगळं अभिरामचं!"

मी कागदाकडे बघितलं. खड्डा! तळापर्यंत!

"सर," मी कसंबसं म्हणालो, "गेलं."

"काय गेलं?"

"पेन. खाली."

"भट्टी बंद असून?" सरांच्या चेहऱ्यावरचा गहिवर खाडकन उतरला. मानसिंगसाहेबांनी चष्मा पुसून कागद बघितला आणि म्हणाले, "हं." त्या एका 'हं'मध्ये मला बर्फाच्या बादलीत बुडवलेले थर्मामीटर दिसले. पट्टी गेली, गाडी गेली, मीही गेलो!

खुर्शीद सर पुढे तोंड करून बसले. काय होतं ते आता स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. कारण तळवलीचं वळण जवळ आलं तशी त्यांनी नजर स्टिअरिंगवर रोखली ती हलवलीच नाही.

वळण आलं. आणि सर किंचाळले!

"हात! हात! अहो, हात!"

"जोडल्यात की सायेब!" मामांचा शांत आवाज. "तुमीबी जोडा!"

मी डोळे उघडले. हो, उघडले, कारण ते मिटलेले होते! समोर काय बघतो, तर रस्त्याच्या कडेला गावदेवीचं देऊळ, भरधाव गाडी, आणि मामा दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, तोंडाने काहीतरी पुटपुटतायत! स्टिअरिंग? स्टिअरिंग त्यांनी दोन्ही गुडघ्यांमध्ये पकडलं होतं, आणि अँबॅसिडर रस्त्यावरून लोण्यातून सुरी जावी तशी सरळ चालली होती!

चाललीही असती. पण खुर्शीद सरांनी जिवाच्या आकांताने स्टिअरिंगवर झडप घातली आणि ते डावीकडे खेचलं. गाडी रस्ता सोडून खाली उतरली, बांध ओलांडला आणि भाताच्या खाचरात जाऊन बसली. चिखल बॉनेटवर आला. चंदेरी कागद उडून शेजारच्या शेवग्याला लटकला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पेटीतली पेनं मात्र अजून थरथरत होती.

बांधावरून खाचराचे मालक दत्तू पाटील धावत आले. "आरं, काय झाला? गारी शेतान कशी गेली?"

"देवीला हात जोडत हुतो," मामांनी सांगितलं, "तेवड्यात ह्या सायबांनी चाक वडलं!"

दत्तू पाटलांनी सरांकडे रागाने बघितलं. "मदे कशाला हात घातलाव सायेब? आमी पन जोडताव की हितं! रोज जोडताव!"

"पण ते चालवत होते!" सर चिखलात उभे राहून ओरडले. "मीसुद्धा दर्ग्यावरून जाताना मान झुकवतो! पण चालवत असलो तर नाही झुकवत!" मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही? दोन फेऱ्या तुम्ही मागे बसला होतात. तुम्हाला हे दिसलं नाही?"

"सर, मी पण नमस्कारच करत होतो. डोळे मिटून."

"तिन्ही देवळांना?"

"सवय आहे, सर. हात आपोआप जुळतात. कळतही नाही."

"आणि मामा, ती शक्ती?"

"मग? देवीची शक्ती न्हवं तर कसली?" मामा म्हणाले. "तळ्यापाशी म्हादेवाची, कारखान्यापाशी आन्‌ हितं देवीची. तुमास्नी काय वाटलं?"

मी काय वाटलं ते सांगितलं नाही. भट्टी अजून बंदच होती.

सरांनी आता मानसिंगसाहेबांकडे आशेने बघितलं. साहेबांनी घसा खाकरला. "मघाशी कारखान्यापाशी मीही... असो." मग ते खाली वाकले, पेटीतला कागद बाहेर ओढला आणि तिथेच, चिखलात, तो डोळ्यांशी धरून उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, संपलं सगळं!

"म्हणजे पट्टी बिघडलेली नव्हती," ते हळूच म्हणाले. "हात सुटले तिथे, तेवढाच वेळ, पेन तळाला! आम्ही तिघं डोळे मिटून बसलो होतो, आणि हिने एकटीने बघितलं!" त्यांचा आवाज बदलला होता. "आणि ही वरची रेघ बघा मुकादम. हातांनी धरलं तर वाकडी, गुडघ्यांनी धरलं तर सरळ! जगात कुठे असा आलेख निघाला असेल?"

आम्ही सगळे कागदाभोवती गोळा झालो. दत्तू पाटीलही. त्या इवल्याशा खड्ड्यात मामांचे जोडलेले हात होते! खरं सांगतो, मला गलबलून आलं. आपणच बनवलेली वस्तू आपल्यापेक्षा इतकी खरी निघावी!

"मात्र एक फेरी मला बिनखड्ड्याची हवी," मानसिंगसाहेब म्हणाले. "अखंड हात ठेवून चालवलेली. ती नीट आली की पट्टी पास."

गाववाल्यांनी दोर लावून गाडी वर ओढली. परतीला मी स्वतः चालवायचं ठरलं. बसण्याआधी मी मामांना चार शब्द सुनावले. "मामा, चालवणाऱ्याने स्टिअरिंग सोडायचं नसतं. समोर देव येवो, दानव येवो! नमस्कार मनातल्या मनात करावा!" मामा नुसते मिशीला हात लावून माझ्याशेजारी बसले. सर आणि साहेब मागे, पेटीजवळ.

मी दात-ओठ खाऊन चालवत होतो. कारखान्यांची रांग आली, देऊळ आलं. हात नुसते शिवशिवत होते! पण मी चाक असं आवळून धरलं की बोटं पांढरी पडली. शेजारी मामांनी हात जोडले. "तुमच्या वाटचाबी केला," ते हळूच म्हणाले.

देऊळ मागे पडलं. केंद्र जवळ आलं तसं मागून मानसिंगसाहेबांचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं, आणि मग खुर्शीद सरांचा आवाज आला, मी आजवर कधी न ऐकलेला, मऊ.

"अभिराम, साहेब म्हणतात तुमची पट्टी पास! गाडी इथेच राहणार. तळघर विसरा आता."

मला एकदम भरून आलं. समोरचा रस्ता पाण्यात दिसायला लागला. "सर, आपले फार फार उपकार," एवढंच मला म्हणता आलं. गाडी जराशी डोलली, पण तिथला रस्ताच तसा आहे.

केंद्रात मानसिंगसाहेबांनी कागद टेबलावर पसरला. सगळे वाकले. चौथ्या पेनाची रेघ तळवलीपासून वरच्या वर चाललेली, भक्कम. देवळापाशीसुद्धा हललेली नाही! माझी मान ताठ झाली. आणि मग, अगदी शेवटी, केंद्राच्या थोडं अलीकडे, एक खड्डा. थेट तळापर्यंत! वर स्टिअरिंगच्या रेघेला हा एवढा हेलकावा.

मामांनी त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. मिशीतल्या मिशीत हसत त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, हितं तर नुसती गोदामाची भित हाय. ह्ये कुटलं देऊळ म्हनायचं?"

 मानसिंगसाहेबांनी कागदावरची नजर उचलली आणि ती सावकाश खुर्शीद सरांकडे नेली. सर एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी घसा साफ केला.

"सर," मी म्हणालो, "पट्टीच बिघडली असणार!"